छताला प्रोजेक्टर आणि स्पीकर लावायचे आहेत? आधी पंख्याकडे बघा

आमच्या हॉलच्या स्लॅबवर चार भोकं बुजवलेली आहेत. पुट्टी मारली, रंगाचे दोन हात दिले, तरी संध्याकाळचा तिरपा उजेड आला की चारही उठून दिसतात. दुकानातून आलेल्या मुलाने कंपनीचा अंतराचा तक्ता बघून पडद्यापासून साडेनऊ फुटांवर खूण केली, मी मान डोलावली, आणि तासाभरात प्रोजेक्टर छताला चिकटला. चित्र झकास आलं. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, उकडतंय, पंखा तरी लाव." पंखा लावला आणि अख्ख्या चित्रावर पात्यांच्या सावल्या भिरभिरायला लागल्या. पुण्यातला मे महिना. पंखा बंद ठेवून सिनेमा बघणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्यांदा सगळं मी स्वतः मापून केलं, सोबत आमचे नेहमीचे वायरमन होते. माझा या धंद्याशी संबंध नाही, मी शाळेत भूगोल शिकवते. पण दुसऱ्या खेपेला एक गोष्ट लख्ख कळली. आपल्याकडच्या घरांत प्रोजेक्टरची जागा कंपनीचा तक्ता ठरवत नाही, ती पंखा आणि स्लॅब ठरवतात. तक्त्यात पंखा नसतोच.

खाली लिहिलंय ते साध्या फ्लॅटच्या हॉलसाठी आहे: वर काँक्रीटचा स्लॅब, कडेने पीओपीची चौकट, मधे पंखा. आमचा हॉल १५ फूट लांब, १० फूट रुंद. तुमची मापं वेगळी असतील, रीत तीच.

१. जमवाजमव

हत्यारं: मोजपट्टी, सुतळी, ओळंबा, पेन्सिल, मास्किंग टेप, हॅमर ड्रिल (साधं ड्रिल काँक्रीटमधे शिरत नाही, नुसतं किंचाळतं), जिप्सम कापायची पातळ करवत, टेस्टर, पाने, दणकट घोडा, डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. लेसर लेव्हल असेल तर उत्तम, नसेल तर ओळंब्याने काम भागतं.

सामान: प्रोजेक्टरचा स्टँड आणि त्याची नळी, स्लॅबचे फास्टनर (काँक्रीटच्या भोकात घट्ट बसणारे बोल्ट), सुरक्षेसाठी पातळ वायर-रोप, एचडीएमआय केबल, स्पीकरची तार, पाईप आणि तारा झाकायची पट्टी, ६ अँपिअरचं तीन पिनांचं सॉकेट.

कागद: सोसायटीची परवानगी, बिल्डरने दिलेला इलेक्ट्रिकचा नकाशा, प्रोजेक्टरचं माहितीपुस्तक, बिलं. नकाशा बहुतेकांनी ताब्याच्या दिवशी फाइलमधे टाकलेला असतो आणि नंतर कधी उघडलेला नसतो. आता उघडा. भाड्याचं घर असेल तर स्लॅबला हात लावण्याआधी मालकांकडून लेखी घ्या. फोनवरचं "करा की" घर सोडताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

२. आधी चित्राचं माप, मग प्रोजेक्टर

पडद्याचा इंच म्हणजे कर्ण. १६:९ आकाराचा १०० इंची पडदा साधारण ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच असतो, म्हणजे सव्वासात फूट बाय चार फूट. १२० इंची घेतला तर रुंदी जवळपास १०५ इंच होते. आमच्या १० फुटी भिंतीवर तो मावला असता, पण मग पुढचे स्पीकर ठेवायला जागा उरली नसती. बाजारात पडदे फुटांतही मिळतात, ६ बाय ४, ८ बाय ६ असे. ते शाळा-कार्यालयांच्या जुन्या आकाराचे असतात, सिनेमा बघताना वरखाली पांढरे पट्टे राहतात. १६:९ असं स्पष्ट सांगूनच घ्या.

आता अंतर. प्रोजेक्टरच्या माहितीत थ्रो रेशो नावाचा आकडा असतो: भिंग ते पडदा हे अंतर भागिले चित्राची रुंदी. आमच्या प्रोजेक्टरला तो १.२ ते १.५ आहे. ८७ ला १.२ ने गुणलं तर १०४ इंच, १.५ ने गुणलं तर १३० इंच. म्हणजे भिंग पडद्यापासून ८ फूट ८ इंच ते १० फूट १० इंच या टप्प्यात कुठेही चालेल. हे अंतर भिंगापासून मोजायचं, प्रोजेक्टरच्या पाठीपासून नाही.

खरेदीतले दोन सापळे. एक, ल्युमेन, म्हणजे उजेडाचा आकडा. पाच आकडी ल्युमेनच्या जाहिरातींकडे दुर्लक्ष करा. ज्या आकड्यापुढे एएनएसआय किंवा आयएसओ असं लिहिलेलं असेल तोच धरा. पडदे ओढता येणाऱ्या हॉलला अडीच-तीन हजार एएनएसआय ल्युमेन पुरतात. दोन, "फुल एचडी सपोर्टेड". याचा अर्थ फुल एचडी सिग्नल घेतो एवढाच. दाखवतो तो त्याच्या नेटिव्ह रेझोल्यूशनमधे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पिक्सेलांत, आणि ते बऱ्याचदा त्याहून कमी असतं. नेटिव्ह काय, एवढं एकच विचारा आणि उत्तर खोक्यावर वाचून खात्री करा.

३. पंखा

नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे पात्यांचा घेर मध्यापासून सगळीकडे दोन फूट. आमचा पंखा बरोबर मधे, पडद्यापासून साडेसात फुटांवर. म्हणजे साडेपाच ते साडेनऊ फूट हा सगळा पट्टा पात्यांचा. पहिल्यांदा भिंग या पट्ट्याच्या अगदी कडेला आलं होतं आणि छताला चिकटलेलं असल्यामुळे पात्यांच्या वर होतं. प्रकाशाला पात्यांतूनच खाली उतरावं लागत होतं. दुसरं काय होणार?

यातून सुटायचे मार्ग चार:

पंखा काढून भिंतीवरचा पंखा लावणं. स्वस्त आहे, पण घरातली ज्येष्ठ मंडळी मान्य करत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बरोबर असतं.

पंखा मागे सरकवणं. स्लॅबमधे पंख्याचा हूक ओततानाच बसवलेला असतो. नवा हूक फास्टनरवर टांगणं म्हणजे डोक्यावर फिरणाऱ्या वजनाशी खेळ. मी या वाटेला गेले नाही.

शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर घेणं. थ्रो ०.५ असेल तर १०० इंची चित्राला भिंग पडद्यापासून ४३-४४ इंचांवर येतं, पंख्याच्या बऱ्याच अलीकडे. नवीन घेत असाल तर हा विचार जरूर करा.

आणि चौथा, जो आम्ही केला: प्रोजेक्टर पंख्याच्या मागे न्यायचा आणि लांब नळीवर इतका खाली सोडायचा, की प्रकाश पात्यांच्या खालून जाईल.

आमचा स्लॅब जमिनीपासून ११४ इंचांवर आहे. पाती स्लॅबपासून १४ इंच खाली, म्हणजे १०० इंचांवर. भिंग आम्ही स्लॅबपासून २० इंच खाली, ९४ इंचांवर ठेवलं आणि पडद्यापासून साडेदहा फूट मागे नेलं. पाती आणि प्रकाश यांच्यात सहा इंचांची फट राहिली. खालून चालताना प्रोजेक्टर कोणाच्या डोक्याला लागत नाही, अगदी माझ्या सहा फुटी भावाच्याही नाही.

लांब नळीचा आणखी एक फायदा मला नंतर कळला. उलट्या टांगलेल्या प्रोजेक्टरचं चित्र भिंगाच्या पातळीवरून सुरू होऊन खाली उतरतं. नेमकं किती खाली, ते ऑफसेटच्या आकड्यावर अवलंबून. आमच्याकडे चित्राची वरची कड भिंगापेक्षा पाच इंच खाली येते, म्हणजे ८९ इंचांवर, आणि खालची ४० इंचांवर. सोफ्यावर बसलं की डोळे साधारण त्याच उंचीला असतात. पहिल्या खेपेला हीच खालची कड ५२ इंचांवर होती. सावल्या नसत्या तरी पहिल्या रांगेतलं तिकीट मिळाल्यासारखी मान दुखली असती.

तेव्हा नळीची लांबी दुकानात ठरवू नका. भिंतीवर मास्किंग टेपने चित्राची चौकट आखा, सोफ्यावर बसून बघा, वर-खाली करा. चौकट पटली की भिंगाची उंची उलट्या हिशोबाने निघते.

४. स्टुलावर चार दिवस

ड्रिलला हात लावण्याआधी प्रोजेक्टर टेबलावर स्टूल, स्टुलावर पुस्तकं असा रचून चार दिवस वापरा. नेमक्या अंतरावर, शक्य तेवढ्या उंचीवर. चित्र पुरेसं मोठं वाटतं का, त्याच्या पंख्याची घरघर खुपते का, दुपारी काय दिसतं, हे सगळं इथेच कळतं. प्रोजेक्टर नापसंत असेल तर परत करण्याची मुदतही अजून संपलेली नसते.

याच वेळी सुतळी काढा. एक टोक भिंगाच्या जागी, दुसरं चित्राच्या वरच्या डाव्या कोपऱ्याला, मग उजव्या. सुतळी ताणलेली असताना दुसऱ्या कोणीतरी पंख्याचं पातं हाताने हळूहळू एक फेरी फिरवावं. पंख्याचं बटण अर्थातच बंद. पातं सुतळीला कुठेही शिवलं नाही तर जागा पक्की.

दोन्ही सुतळ्यांची लांबी सारखी आली पाहिजे. नसेल तर भिंग पडद्याच्या मध्यरेषेवर नाही. इथे एक गंमत आहे: पुष्कळ प्रोजेक्टरांचं भिंग खोक्याच्या मधोमध नसतं, एका बाजूला असतं. स्टँड खोक्याच्या मध्यावर बसवला की चित्र तीन-चार इंच सरकतं. मग लोक प्रोजेक्टर तिरका करतात आणि कीस्टोनने (मेनूतून चित्राचे कोपरे दाबायची सोय) चित्र सरळ करायला बसतात. मध्यरेषा भिंगाची धरा, खोकं कुठे का जाईना.

५. परवानगी

सोसायटीला साधा अर्ज द्या: कोणतं काम, कोणत्या दिवशी, कोण करणार. आमच्याकडे दुपारी २ ते ४ आणि रविवारी ड्रिल चालत नाही. वरच्या मजल्यावरच्यांना आदल्या दिवशी जाऊन सांगा. तुमचा स्लॅब म्हणजे त्यांची फरशी, घरघर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ऐकू येते.

नवीन उंच इमारतींपैकी काहींत पोस्ट-टेन्शन स्लॅब असतो, त्यात ताणलेल्या केबल असतात. अशा स्लॅबला बिल्डरच्या इंजिनिअरने जागा दाखवल्याशिवाय एकही भोक पाडायचं नाही.

६. वायरी

इथे घाई केली तर सगळं काम दोनदा होतं. आमचं झालं.

तीन प्रकारच्या तारा लागतात: प्रोजेक्टरची वीज, एचडीएमआय, आणि स्पीकरच्या. विजेचा पाईप वेगळा. बाकीच्या तारा त्यात कोंबायच्या नाहीत. सुरक्षेचा प्रश्न आहेच, शिवाय स्पीकरमधे घूं असा आवाज येऊ शकतो. विजेसाठी दीड स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार, अर्थिंगसकट, वायरमनकडूनच. पीओपीच्या वर एक्स्टेंशन बोर्ड लपवून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. तो बोर्ड तिथे तापला तर तुम्हाला पत्ता लागणार नाही.

आमच्या तारा टीव्ही युनिटपासून भिंतीतून वर, मग पीओपीच्या चौकटीच्या पोकळीतून बाजूने, आणि शेवटचे चारेक फूट उघड्या स्लॅबवरून प्रोजेक्टरपर्यंत जातात. या शेवटच्या टप्प्यात वायरमन म्हणेल, "ताई, झिरी मारून टाकू, दिसणार नाही." मारू देऊ नका. स्लॅबच्या खालच्या सळयांवर काँक्रीटचं आवरण जेमतेम इंचभर असतं, झिरी त्यालाच खाते. छताच्या रंगाची पट्टी लावा. दोन दिवसांनी ती नजरेत येईनाशी होते.

लांबी सुतळीनेच मोजा, प्रत्येक वळणासकट, आणि वर दीड मीटर धरा. आमची मोजणी साडेआठ मीटर आली, केबल दहाची घेतली. फोर-के चित्रासाठी साधी तांब्याची एचडीएमआय पाचेक मीटरपर्यंत भरवशाची. त्यापुढे चित्र मधेच काळं होतं, ठिपके येतात. लांब पल्ल्याला ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी.

आणि आता ऐका. ऑप्टिकल केबलला दिशा असते. एका टोकावर सोर्स, दुसऱ्यावर डिस्प्ले असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सोर्स रिसीव्हरकडे (टीव्ही युनिटमधला, स्पीकर चालवणारा खोका), डिस्प्ले प्रोजेक्टरकडे. आम्ही दोन तास घोड्यावर उभं राहून, जीआय तारेला बांधून, केबल इंच इंच ओढली. पट्टी बंद केली, प्रोजेक्टर लावला, आणि पडद्यावर आलं: नो सिग्नल. वायरमन मामांनी चष्मा पुसला, टोक उजेडात धरलं आणि फक्त म्हणाले, "उलटी." पुन्हा दोन तास. म्हणून केबल ओढण्याआधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, चित्र येतं का ते बघा. मग दोन्ही टोकांना टेप लावून मोठ्या अक्षरात लिहा: खाली, वर.

एचडीएमआयचं टोक बोटभर रुंद असतं आणि २५ मिलिमीटरच्या पाईपच्या वळणात हमखास अडकतं. नवीन पाईप टाकत असाल तर ४० चा टाका आणि आत एक रिकामी दोरी कायमची सोडून द्या. ऑप्टिकल केबल काटकोनात मुडपू नका, आतली काचेची तार मोडते.

पीओपी अजून व्हायचं असेल तर तुमचं नशीब चांगलं. सगळ्या तारा आधी टाका, प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा, मगच पीओपीवाल्याला बोलवा.

७. स्लॅबला भोक

पीओपी किंवा जिप्समवर प्रोजेक्टर कधीही टांगायचा नाही. तो बोर्ड अर्धा इंच जाडीचा असतो, स्वतःचं वजन सांभाळतोय तेच पुष्कळ. प्रोजेक्टर तीन-चार किलोचा, वर स्टँडचं वजन. संपूर्ण छत पीओपीचं असेल तर त्यात नळीपुरतं भोक पाडून नळी वरच्या स्लॅबपर्यंत न्यायची आणि स्टँडचा तळ तिथे ठोकायचा. (कौलारू घरात, कोकणातल्या माझ्या माहेरासारख्या, स्लॅबच नसतो. तिथे तुळईत जाड लाकडी स्क्रू मारायचे, रिपांच्या वाट्याला जायचं नाही.)

स्लॅबमधे विजेचे पाईपही असतात. पंख्याच्या डब्यापासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे जाणारी रेषा मनात आखा, नकाशाशी ताडून बघा, आणि त्या रेषेच्या आसपास भोक घेऊ नका. त्यानंतर हॉलचा एमसीबी पाडा. ड्रिल बेडरूमच्या सॉकेटवरून चालवा. हॉलचं सॉकेट बंद आहे हे टेस्टरने स्वतः तपासा, कोणी सांगितलं म्हणून मानू नका.

स्टँडची तबकडी खुणेवर धरून चार टिंबं करा. प्रत्येक भोकाला आधी बारीक बिट, मग फास्टनरच्या पाकिटावर लिहिलेलं जाडीचं बिट. खोली तिथे लिहिली असेल तेवढीच, आणि तेवढ्या अंतरावर बिटला टेपचा एक वेढा द्या, वेढा छताला टेकला की थांबा. धुळीसाठी कागदी चहाचा कप तळाला भोक पाडून बिटात ओवा. सगळी धूळ कपात पडते, डोळ्यांत नाही.

बिट पुढे जाईना, आवाज एकदम चिरका झाला, तर खाली सळई आहे. जोर लावू नका. तबकडी थोडी फिरवा किंवा इंच-दोन इंच सरकवा. सळई कापून फास्टनर बसवणारा कारागीर भेटला तर त्याला चहा देऊन घरी पाठवा.

भोकातली धूळ फुंकून किंवा व्हॅक्यूमने काढा. धूळ राहिली तर फास्टनर पकडतो असं वाटतं आणि महिन्याभराने सैल होतो. चारही घट्ट झाले की तबकडीला दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखा जोर द्या. आमच्या मामांनी सिमेंटची अर्धी गोणी दोरीने टांगून रात्रभर ठेवली होती. मला तेव्हा ते अति वाटलं, पण त्या रात्री मी शांत झोपले.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक: पावसाळ्यात स्लॅबला ओल येत असेल तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, मग प्रोजेक्टर.

८. टांगणं

स्टँडचे चार पाय प्रोजेक्टरच्या पोटातल्या भोकांना बसतात. हे स्क्रू बहुधा एम-४ असतात, पण लांबी माहितीपुस्तकात बघा. स्टँडच्या पुडीत निरनिराळ्या लांबीचे स्क्रू येतात. लांब स्क्रू आवळत गेलात तर तो आतल्या सर्किटबोर्डला भिडतो. स्क्रू हाताने सहज फिरायला हवा. अडला तर माप चुकलंय.

हे काम खाली, गादीवर प्रोजेक्टर उलटा ठेवून करा. वर चढवताना दोन माणसं. एकाने धरायचं, एकाने आवळायचं, तिसऱ्याने सूचना द्यायच्या नाहीत. वायर-रोपचं एक टोक प्रोजेक्टरच्या स्टँडला आणि दुसरं स्लॅबमधल्या वेगळ्या हूकला. स्टँड निसटला तरी प्रोजेक्टर हवेत राहतो.

पंख्याच्या वाऱ्याने लांब नळी डोलते का ते बघा. डोलत असेल तर चित्रातली अक्षरं थरथरतात. नळीचे जोड पुन्हा आवळा, तरी राहिलं तर जाड नळी आणा.

९. चित्र सरळ करणं

सुरू केलंत की चित्र उलटं येईल. घाबरू नका, मेनूमधे प्रोजेक्शनच्या जागी फ्रंट-सीलिंग निवडा.

पुढचा क्रम असा: आधी प्रोजेक्टर हाताने आडवा-उभा सरळ करायचा, मग झूम, मग फोकस, आणि कीस्टोन सगळ्यात शेवटी, जमलं तर शून्यावर. कीस्टोन चित्राचे कोपरे दाबतो, म्हणजे पैसे मोजून घेतलेले पिक्सेल फेकून देतो. ऑटो कीस्टोन बंद करून ठेवा, नाहीतर कोणी जिन्यावरून धावलं की तो पुन्हा कामाला लागतो. शेवटचा फोकस अर्धा तास चालू ठेवल्यावर करा, भिंग तापलं की तो थोडा सरकतो.

१०. स्पीकर

प्रोजेक्टर वर गेला म्हणून सगळे स्पीकरही वर लावायचे, ही चूक फार जण करतात. दिसायला छान, हॉल मोकळा. पण पडद्यावर माणूस बोलतो आणि आवाज आकाशवाणीसारखा डोक्यावरून येतो. संवादाचा स्पीकर पडद्याच्या खाली किंवा वर, मधोमध. डावा-उजवा पडद्याच्या दोन बाजूंना, कानाच्या उंचीला. छतात फक्त मागचे दोन. सबवूफर जमिनीवर, पण शेजाऱ्यांच्या सामायिक भिंतीला चिकटवू नका. बास भिंतीतून जातो, आणि रात्री दहानंतर बेल वाजते.

आमचे मागचे दोन स्पीकर पीओपीच्या चौकटीत, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, जरा मागे आहेत. भोक पाडण्याआधी चौकटीच्या आतली पोकळी मोजा. साडेसहा इंची सीलिंग स्पीकरला साधारण चार इंच खोली लागते, आणि काही चौकटी नुसत्या एलईडी पट्टीसाठी केलेल्या, तीन इंचांच्या असतात. मोबाइल आत घालून फोटो काढा: तिथे लोखंडी चॅनल किंवा तार नाही ना?

खोक्यात गोल कागदी साचा येतो. तो टेपने चिकटवून बाहेरची रेघ मारा आणि पातळ करवतीने हळू कापा. जिप्सम लोण्यासारखं कापलं जातं. जुनं ओतीव पीओपी ठिसूळ असतं, तिथे रेघेवर आधी बारीक भोकांची माळ पाडून मग कापा. स्पीकरच्या कडेला पंखासारखे कान असतात, स्क्रू आवळला की ते फिरून बोर्डाला पकडतात. फार आवळलं तर बोर्ड चिरतो. स्पीकरलाही एक तार बांधून ती स्लॅबला अडकवा.

खरेदीत इथे मोठा सापळा आहे. देवळं, हॉटेलं, कार्यालयं यांचं सामान विकणाऱ्या दुकानात १०० व्होल्ट लाइनचे सीलिंग स्पीकर मिळतात. स्वस्त, दिसायला तसेच. त्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो आणि पाठीवर ३ वॅट, ६ वॅट असे टॅप लिहिलेले असतात. घरच्या रिसीव्हरला ते जोडले तर आवाज किरकिरा आणि क्षीण येतो. आपल्याला हवेत ४ ते ८ ओहमचे.

तार तांब्याचीच. सीसीए म्हणजे आत ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. टोक ब्लेडने खरवडलं की चांदीसारखं चमकतं, मग समजा. घरातल्या अंतराला दीड स्क्वेअर मिलिमीटर पुरतं.

लाल ते लाल, काळं ते काळं. एका स्पीकरची जोडणी उलटी झाली तरी आवाज येतोच, म्हणून चूक कळत नाही. फक्त बास नाहीसा होतो आणि आवाज कुठून येतोय ते ठरत नाही. तपासायला भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल पुरे. रिसीव्हरपासून सोडवलेल्या तारेला, लालला सेलचं अधिक टोक क्षणभर टेकवायचं. कोन बाहेर उसळला तर बरोबर, आत गेला तर उलटं. एकाने घोड्यावर उभं राहून बघायचं. जोडताना केसाएवढीही तार शेजारच्या टोकाला शिवू देऊ नका, रिसीव्हर स्वतःला बंद करून घेतो.

सेट-टॉप बॉक्स, स्टिक, जे काही असेल ते रिसीव्हरला जोडा आणि तिथून एकच केबल प्रोजेक्टरकडे न्या. स्टिक थेट प्रोजेक्टरला लावली तर आवाज खाली परत आणायला एआरसीची भानगड मागे लागते. रिसीव्हरसोबत आलेला माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून आपोआप जुळवणी करा, रात्री, पंखा आणि एसी बंद करून. ओठ आणि शब्द जुळत नसतील तर ऑडिओ डिले किंवा लिप सिंक नावाचा पर्याय असतो.

११. वीज गेली तर

दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावरही त्याचा पंखा मिनिटभर चालतो, दिवा थंड करायला. मधेच वीज गेली तर तो दिवा तसाच तापत राहतो. छोटा यूपीएस लावा, निदान नीट बंद करण्यापुरता. लेझर किंवा एलईडीवाल्याला हे तेवढं आवश्यक नाही.

१२. पावसाळा आणि पाली

प्रोजेक्टरची उबदार जाळी पालींना फार आवडते. पाईपाची उघडी टोकं कुंभारीण माशीला त्याहून आवडतात, आमच्या एका रिकाम्या पाईपात तिने मातीचं पक्कं घर बांधलं होतं. सगळी टोकं फोमच्या बोळ्याने बंद करा. पावसाळ्यात प्रोजेक्टर महिनाभर पडून राहिला तर भिंगावर बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा.

फिल्टर असेल तर तो दर दोन-तीन महिन्यांनी काढून, मऊ ब्रशने झाडून परत बसवायचा. दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी ओला फडका घेऊन घोड्यावर चढणारच, त्यांना आधीच सांगून ठेवा. फिल्टरची तारीख मी मीटरबॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिते, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली.